बिनदाराची जीप

‘गिरिजा हाइट्स’च्या सुरक्षा समितीने एकमताने ठराव केला, की सोसायटीतल्या सर्व गाड्यांची दारं चोवीस तास कुलूपबंद राहतील. सुवालालशेठनी हात वर करून एकच शंका विचारली. त्यांच्या जीपला दारंच नव्हती.

शंका विरोधाची नव्हती, पण ती ठरावात मावेना. समितीचा अध्यक्ष पीयूष, म्हणजे शेठचाच मुलगा, कपाळ चोळत म्हणाला, “पप्पा, तुम्ही हे मुद्दाम करता ना?” शेठ म्हणाले, मुद्दाम काही नाही, सत्त्याऐंशी साली घेतली तेव्हापासून नाहीत.

घोडेगावातल्या या सोसायटीला हाइट्स म्हणायला तीन मजले होते. सहा वर्षांपूर्वी इथे सुवालालशेठचं हिरड्याचं गोडाऊन होतं. आहुपे, तळेघर आणि त्या अंगाच्या डोंगरातल्या वाड्यांवरचा हिरडा पोत्यांतून इथे उतरायचा, शेठ तो तोलून घ्यायचे आणि औषधाच्या कारखान्यांना पाठवायचे. गुडघे बोलायला लागले तसं शेठनी दुकान बंद केलं आणि जागा बिल्डरला दिली. बदल्यात दोन फ्लॅट घेतले आणि एक अट घातली. गोडाऊनच्या दारात जीप जिथे उभी राहायची, तिथेच उभी राहील. बिल्डरला वाटलं, म्हातारा आणखी एखादा फ्लॅट मागेल. त्याने सुटकेचा श्वास सोडून त्या जागेवर पिवळ्या रंगाने मोठा ‘१’ काढून दिला.

आता चोऱ्यांचं. पहिल्यांदा टोमॅटोचे व्यापारी संपतराव यांच्या गाडीची मागची काच फुटली आणि बॅग गेली. बॅगेत काय होतं हे त्यांनी पोलिसांना एक सांगितलं, बायकोला दुसरं आणि समितीला तिसरं. पंधरा दिवसांनी सावळेराम गुरुजींच्या गाडीतला टेप गेला. चोराने डॅशबोर्डवरचा गणपती मात्र काढून नीट सीटवर ठेवला होता. त्यावरून चोर संस्कारी घरातला असावा, असा निष्कर्ष निवृत्त गुरुजींनी काढला आणि आपला एखादा जुना विद्यार्थी तर नसेल, या काळजीने ते दोन दिवस जेवले नाहीत.

सोसायटी सुरक्षेच्या बाबतीत आधीपासून जागरूक होती. गेल्या वर्षी मागच्या उसात बिबट्या दिसला, तेव्हा वर्गणी काढून पार्किंगभर मोठाले दिवे लावले होते. बिबट्या त्यानंतर आला नाही. चोरांना मात्र त्या दिव्यांखाली काम करणं सोपं गेलं असावं, कारण काचेच्या तुकड्यांत रक्ताचा थेंबसुद्धा सांडलेला नव्हता.

म्हणून ही सभा. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सकाळी दहाची वेळ, चहा भिमाजीचा. भिमाजी वॉचमन होता, पण सभेच्या दिवशी तो चहावालाही असे. कॅमेरे बसवायचे ठरले. अध्यक्षाचं बाजारपेठेत कॅमेऱ्यांचं दुकान असणं हा निव्वळ योगायोग होता आणि तो तसा इतिवृत्तात लिहून घेण्यात आला. भाजीवाल्यांना गेटच्या बाहेर थांबवायचं ठरलं. येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं ठरलं. आणि मग दारांचा ठराव झाला आणि जीप आडवी आली.

पीयूषने मुद्दा समजावून सांगितला. उघडी गाडी दर्शनी भागात उभी असली, की चोराची भीड चेपते. त्याला वाटतं, इथले लोक असेच आहेत. तेव्हा जीप तूर्त मागे, पाण्याच्या टाकीआड न्यावी आणि महिनाअखेर भंगारवाल्याला द्यावी. एक नंबरच्या जागेवर तो स्वतःची नवी पांढरी गाडी लावेल, म्हणजे सोसायटीची छाप चांगली पडेल.

“तिच्यातून आजवर काही गेलंय का?” शेठनी विचारलं.

“तिच्यात न्यायला आहे काय, पप्पा?”

याला शेठकडे उत्तर होतं, पण ते सभेत सांगण्याजोगं नव्हतं. त्यांनी किल्ली खिशातून काढून भिमाजीच्या हातात दिली. जीप टाकीआड गेली. जाताना ती तीनदा बंद पडली, तेवढाच तिचा निषेध.

घरी कंचनबाईंनी ताटात फुलका वाढत एवढंच विचारलं, “नेली का?” शेठनी मान हलवली. कंचनबाईंनी तूप नेहमीपेक्षा जास्त वाढलं. एक्कावन्न वर्षांच्या संसारात दुःख मोजायचं त्यांच्याकडे तेवढंच माप होतं.

खरं तर त्या जीपमध्ये न्यायला काय नव्हतं, असं विचारायला हवं होतं. बाजारच्या दिवशी सकाळी साडेआठला डोंगरातली पहिली एसटी यायची. आहुप्याहून निघालेली माणसं पहाटे चालत कुठवर आलेली असत, ते त्यांच्या पायांनाच ठाऊक. खाली उतरली, की ती आधी गोडाऊनच्या दाराशी यायची. हिरड्याची पोती काट्यावर जायची. पण बाकीचं सामान, म्हणजे गठुडी, घोंगड्या, कोयते, छत्र्या, भाकरीची फडकी, भाच्याच्या लग्नाचं नवंकोरं लुगडं, हे सगळं जीपमध्ये जायचं. कोणी विचारायचं नाही, कोणी चिठ्ठी द्यायचं नाही. बाजार उरकेपर्यंत जीप भरत भरत ताडपत्रीपर्यंत यायची. एकदा लंकाबाई नावाच्या बाईने झोपलेलं तान्हं पोरही मागच्या सीटवर गठुड्यांच्या मध्ये ठेवलं होतं. मुलाने दोन तास छान झोप काढली आणि उठल्यावर पाहिलं, तर आसपास बसलेल्या चार अनोळखी बायका त्याचीच वाट बघत होत्या.

तीस वर्षांत त्या जीपमधून एकदा एक छत्री गेली. पुढच्या बाजारी दोन छत्र्या आल्या. एक ज्याने नेली त्याने आणून ठेवली, दुसरी ज्याच्यावर संशय होता त्याने. तो म्हणाला, न्हाई न्हेली पर लोकं बघत्यात. दुसरी छत्री मग कोणाचीच नव्हती म्हणून जीपमध्येच राहिली आणि ज्याला पाऊस गाठेल त्याने वापरली.

संध्याकाळी परत जाताना प्रत्येकजण आपलं गठुडं उचलायचा आणि सीटवर वानवळा ठेवायचा. घरचं पहिलं पीक ओळखीच्या माणसाला चाखायला द्यायचं, त्याचं नाव वानवळा. ओंजळभर नवा तांदूळ, नाचणीचं पीठ, उन्हाळ्यात पानाच्या द्रोणात करवंदं. कोणी काय ठेवलं हे शेठला कधी कळायचं नाही आणि आभार कोणाचे मानायचे हा प्रश्न त्यामुळे आपोआप मिटायचा. त्या करवंदांचं कंचनबाई लोणचं घालायच्या. पीयूष त्या लोणच्यावर वाढला. आता त्याला ते आठवत नाही, ॲसिडिटी आहे.

दुकान बंद झालं तशी माणसं यायची थांबली. सहा वर्षांत जीपमध्ये कोणी काही ठेवलं नाही. तरी बाजारच्या दिवशी सकाळी शेठ खाली उतरायचे आणि सीटवरची धूळ झटकून वर यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, व्यायाम.

जीप टाकीआड गेली त्याच्या पुढच्या बाजारी, दुपारी तीनच्या सुमाराला पीयूष गाडीपाशी गेला आणि ओरडतच मागे आला. नव्या पांढऱ्या गाडीच्या पांढऱ्या सीटवर लालकाळे डाग होते. शेजारी उपडा पडलेला पानांचा द्रोण आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी होती.

पाच वाजता सभा भरली. पुरचुंडी काठीने सोडण्यात आली. आतून सुकून काळ्याठिक्कर पडलेल्या, सुरकुतलेल्या चिमुकल्या गोळ्या निघाल्या. संपतराव दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, ही करणी आहे. गुरुजींचा करणीवर विश्वास नव्हता, पण त्यांनीही खुर्ची मागे घेतली. डाग रक्ताचे आहेत यावर मात्र दोघांचं एकमत होतं. सुवालालशेठ मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्यापर्यंत तो तुरट वास आला आणि त्यांना एकदम गोडाऊन आठवलं, तागाची पोती, दुपारचं ऊन, काट्याची साखळी. बाळहिरडा होता, कोवळाच तोडून वाळवलेला हिरडा. डाग उपड्या द्रोणातून सीटखाली घरंगळलेल्या करवंदांच्या रसाचे. वानवळा आला होता, पण आणणारा कोण, हे समजल्याशिवाय त्याचं नाव इथे काढण्यात अर्थ नव्हता. ही सभा वानवळा घ्यायला बसलेली नव्हती.

मग पीयूषने गुरुजींचा टीव्ही खाली आणवला आणि कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी गेटमधून एक म्हातारी बाई आत आली. डोक्यावर भलंमोठं गठुडं, चपला हातात. इकडे तिकडे न बघता ती थेट एक नंबरच्या जागेवर गेली.

“बघा. सगळं ठाऊक आहे तिला,” संपतराव म्हणाले.

बाईने पांढऱ्या गाडीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. मग ती गाडीभोवती फिरली. एकदा, दोनदा, तीनदा. आत कुठून जायचं, हे तिला समजत नव्हतं. शेवटी मागच्या दारावरून हात फिरवता फिरवता मूठ हाताला लागली आणि दार उघडलं. तिने गठुडं आत ठेवलं. आणि मग पदराने दार नीट पुसलं.

“ठसे पुसतीय,” संपतराव म्हणाले.

दोन वाजून वीस मिनिटांनी ती परत आली. गठुडं काढलं, पुरचुंडी आणि द्रोण सीटवर ठेवला. जाताना म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी गाडीच्या टपावर थाप मारली. त्या थापेला शेठनी ओळखलं. आहुप्याच्या देवराईपलीकडच्या वाडीतली साळूबाई. दुकान होतं तोवर तीस वर्षांत एकही बाजार तिने चुकवला नव्हता आणि निघताना जीपला थाप मारायलाही ती कधी चुकली नव्हती. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असावा. जागा तीच, म्हणून गाडी तीच.

भिमाजीला विचारण्यात आलं, की बाई आत आली तेव्हा तू कुठे होतास. तो म्हणाला, अध्यक्षसायबांचा कूलर तिसऱ्या मजल्यावर चढवत व्हतो. हा मुद्दा तिथेच सोडण्यात आला.

पीयूषने तोवर मोबाइलमध्ये मजकूर तयार केला होता आणि तो वाचून दाखवला. सावधान, गाड्या फोडणाऱ्या टोळीतील महिला, टेहळणी करताना कॅमेऱ्यात कैद, कोणास आढळल्यास त्वरित अडवावे. खाली साळूबाईचा चेहरा, गोल करून. हा मजकूर तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचा होता. ग्रुपवर नऊशे माणसं होती, त्यातली निम्मी डोंगराकडच्या एसटीने जाणारी.

“थांब,” शेठ म्हणाले. ते उठून पुढे आले, पुरचुंडीतला एक हिरडा उचलून त्यांनी तोंडात टाकला आणि चघळत उभे राहिले. संपतरावांनी डोळे मिटून घेतले. शेठ मेले नाहीत, तेव्हा उघडले.

शेठनी सांगितलं, बाई कोण, वानवळा काय आणि जीप कुठे असायची. सभेने शांतपणे ऐकून घेतलं. गुरुजी खुर्चीतून उठले. ते म्हणाले, काय काळ होता, माणसं किती प्रामाणिक होती, आणि शेठ तुमचा सचोटीचा व्यापार, म्हणूनच ही माया. पण संपतराव व्यवहारी होते. त्यांनी विचारलं, सहा वर्षं दुकान बंद, हिला तुमच्याकडून काही मिळायचं नाही, मग आजच्या काळात कोण कोणाला फुकट आणून देतं? माया वगैरे ठीक आहे, पण काच फुटलीय माझी. पीयूषचं बोट मोबाइलवर तसंच अधांतरी होतं. “पप्पा, तुम्हाला सगळी माणसं चांगलीच वाटतात,” तो म्हणाला.

शेठनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सुवालालशेठ यांची सचोटीची परंपरा’. पाटी रात्री उजळायची. गावात पीयूषच्या शब्दाला जो मान होता, तो त्या एका ओळीचा होता. आपण आत्ता गप्प बसलो, तर पाटी तशीच उजळत राहील आणि साळूबाईला पुढच्या बाजारी एसटी स्टँडवर चार पोरं धरतील. एवढा हिशोब शेठना करता येत होता.

“सचोटी नव्हती, गुरुजी,” ते म्हणाले. “माझा काटा क्विंटलला दोन किलो खायचा.”

पीयूष हळू आवाजात म्हणाला, “पप्पा, वर चला.”

“तीस वर्षं खायचा. तिच्या पोत्यातलं मी चोरत होतो, आणि ते तिला माहीत होतं. बाई शहाणी आहे.” शेठ खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. “माझ्या गाडीला हात मारायचा हक्क या तालुक्यात कोणाला असेल, तर तो हिला. नव्या काचेची, गादीची गाडी उघडी सापडली, दोन तास कोणी बघायला नाही. आणि तिने काय केलं? करवंदं ठेवली. आता पाठव तुझं ते.”

पीयूषने पाठवलं नाही. पण खालीही ठेवला नाही मोबाइल. कप गोळा करता करता भिमाजीने सहज विचारलं, “पर सायेब, गाडी उघडी कशी ऱ्हायली? ठराव झाला व्हता ना?”

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मोबाइल खिशात ठेवला. गाडीतून कूलर उतरवायच्या घाईत राहून गेलं, असं काहीतरी ते बोलले, पण ते इतिवृत्तात आलं नाही.

आठवड्यात पोलिसांनी जुन्नरकडे दोघांना पकडलं. त्यांच्याकडे अकरा टेप निघाले. गुरुजींनी खात्री करून घेतली, दोघेही त्यांचे विद्यार्थी नव्हते. संपतरावांची बॅग मिळाली नाही, पण ती मिळावी असा आग्रहही त्यांनी धरला नाही.

पीयूष बापाशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी दुकानाची पाटी उतरवून रंगवायला टाकली. ती आता पुन्हा लागली आहे, फक्त दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी शेठ बाल्कनीत बसले होते, तेव्हा खाली काहीतरी तीनदा बंद पडल्याचा आवाज आला. वाकून पाहिलं, तर पीयूष घामाघूम होऊन जीप टाकीआडून पुढे आणत होता. पांढरी गाडी रस्त्यावर काढून ठेवलेली. वर आल्यावर तो एवढंच म्हणाला, “फक्त बाजारच्या दिवशी हां, पप्पा. आणि भंगारवाल्याला पुढचा महिना सांगितलाय.” पुढच्या महिन्यात काय होईल, हे दोघांनाही माहीत होतं. कंचनबाईंनी त्या दिवशी तूप मापातच वाढलं.

सकाळी साडेआठला शेठ जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. एसटी आज उशिरा, नवाला आली असणार. सव्वानऊला साळूबाई गेटमधून आत आली. सरळ एक नंबरवर येऊन तिने ताडपत्रीला हात लावला, बोनेट चाचपलं, तो हात कपाळाला लावला आणि मगच तिला आत कोणीतरी बसलेलं दिसलं.

“शेट व्हय? हिरडा न्यायला टेम्पो वाडीवरच यायचा, यंदा आला न्हाई म्हून मागल्या बाजारी सा वर्सांनी उतरले, तं लई कोड्यात टाकलंत. गाडीला दारं बसवली, मऊ गाद्या केल्या. म्हनलं, शेटला म्हातारपनी पैका आला का डोकं फिरलं.”

“मुलाची गाडी होती ती, साळूबाई.”

“तरीच. वास दुकानावानी येत व्हता.” तिने गठुडं मागच्या सीटवर ठेवलं.

शेठना सभेत बोलले ते तिच्यासमोर पुन्हा बोलायचं होतं. भरल्या सभेपेक्षा ते अवघड निघालं. त्यांनी दोनदा सीटवरची धूळ झटकली आणि काट्याचं बोलले. साळूबाई ऐकत होती. तिला नवल वाटलं, पण वेगळंच.

“मंग? आमी काय आंधळी व्हतो?” ती म्हणाली. “आमी हिरडा रातच्याला दवात पसरत व्हतो. क्विंटलला तीन किलो भरायचा.”

तीस वर्षं दर क्विंटलमागे आपणच एक किलोने गंडत आलो, हे शेठना वयाच्या शहात्तराव्या वर्षी समजलं. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. ते हसले, इतके की गुडघ्याला हात लावावा लागला.

“काट्यावरचं काट्यावर,” साळूबाई म्हणाली. “जीपीतलं जीपीत. तिथं न तुमी हात घातला न आमी.” ती जायला वळली आणि थांबली. शेठ अजून सीटवरच बसलेले तिला अंधुक दिसत असावेत. “आन तुमी हितं कशापाय बसलाय?”

“राखण करतोय.”

“तुमी राखन?” तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. “उठा शेट. जा वर. तुमी हितं बसल्यावर मला बाजारात घोर लागंल.”

शेठ उठले. जिन्यापाशी भिमाजी नवं रजिस्टर घेऊन बसला होता. त्याने नाव लिहिलं, साळूबाई, गाव आहुपे. पुढच्या रकान्यात ‘कोणाकडे’ असं छापलं होतं. तिथे पेन थांबलं आणि त्याने शेठकडे पाहिलं. शेठनी जीपकडे बोट केलं. भिमाजीने तसं लिहून घेतलं आणि खालच्या ओळीवर पेन टेकवलं, कारण गेटमधून आणखी दोन बायका डोक्यावर गठुडी घेऊन आत येत होत्या आणि कोणाकडे जायचं, हे त्यांनाही विचारावं लागणार नव्हतं.